पावतीविना बियाणे : अकोली जहांगीरची पेरणी आणि एचटीबीटी कापसाचा प्रश्न

१० जून २०१९

अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहांगीर हे गाव आहे. तेथे १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेचे नेते ललित पाटील बहाळे यांच्या शेतात हजारावर शेतकरी जमले आणि केंद्र सरकारची मान्यता नसलेल्या एचटीबीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारे बीटी जनुक असून तणनाशकही सहन करणाऱ्या, कपाशीची सरकी त्यांनी वार्ताहरांच्या देखत टोबली. संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष अनिल घनवट या आंदोलनाचे नेतृत्व करीत होते. देशात २०१० पासून स्थगित असलेल्या बीटी वांग्याची लागवडही आपण करीत असल्याचे आंदोलकांनी जाहीर केले. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोहोचला होता, म्हणजे वऱ्हाडात पेरणीचा खरा हंगाम अजून उघडायचा होता. ही पेरणी पिकासाठी होतीच, पण त्याहून अधिक ती कायद्याला सामोरे जाण्यासाठी होती.

तो कायदा किरकोळ नव्हता. जनुकीय फेरफार केलेले कोणतेही बियाणे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील १९८९ च्या नियमांच्या कक्षेत येते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची शिफारस आणि सरकारची परवानगी यांशिवाय असे बियाणे तयार करणे, विकणे किंवा पेरणे हा त्या वेळी अधिनियमाच्या कलम १५ खाली पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा होता. कृषी विभागाने नमुने घेतले, ते तपासणीला गेले आणि त्या महिन्यात काही शेतकऱ्यांवर गुन्हेही दाखल झाले. संघटनेने राज्यात इतरत्र अशाच जाहीर पेरण्या करून त्याला उत्तर दिले. याला त्यांनी सत्याग्रह म्हटले, आणि शिक्षा मागून घेण्याची तयारी हा सत्याग्रहाचा निकष मानला तर तो शब्द चुकीचा नव्हता.

वास्तविक एचटीबीटीची पेरणी त्या दिवशी प्रथम झाली असे मुळीच नाही. विदर्भात, मराठवाड्यात आणि खानदेशात हे बियाणे काही हंगाम आधीपासून शेतात होते आणि त्याला लोकांनी दिलेले नावही रूढ झाले होते : चोरबीटी. जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये नेमलेल्या क्षेत्रपाहणी समितीला महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि गुजरात या चार राज्यांतील कापसाच्या सुमारे १५ टक्के क्षेत्रावर हा गुणधर्म आढळला होता. राज्य सरकारने २०१८ च्या सुरुवातीस त्याच्या चौकशीसाठी विशेष तपास पथकही नेमले होते. म्हणजे जे सर्वांना ठाऊक होते तेच अकोली जहांगीरमध्ये जाहीरपणे केले गेले, आणि जाहीरपणे केले म्हणून तेवढेच शासनाला अडचणीचे ठरले.

या प्रकरणाची मांडणी बहुधा ‘जीएम (जनुकीय फेरफार केलेले पीक) हवे की नको’ अशी होते. ती मांडणी अपुरी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कपाशीपुरता तो प्रश्न बीटीला परवानगी मिळाली तेव्हा, २००२ मध्येच, संपला. आज देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी आहे. अकोटच्या प्रकरणात तपासण्याजोगी गोष्ट वेगळी आहे : ज्या बियाण्याला शासन परवानगीही देत नाही आणि रोखूही शकत नाही, त्या बियाण्याची जोखीम नेमकी कोणाच्या डोक्यावर बसते?

आधीची वाट

संघटनेने हा मार्ग का निवडला हे समजण्यासाठी २००१ च्या गुजरातकडे जावे लागते. त्या वर्षी तेथे बोंडअळीने इतर कपाशीची धूळधाण केली असताना ‘नवभारत-१५१’ हा संकरित वाण मात्र शेतात तरारून उभा होता. चौकशी झाली तेव्हा त्यात बीटीचे क्राय१एसी हे जनुक असल्याचे उघड झाले, आणि त्या वेळी देशात बीटी कापसाला परवानगी नव्हती. हजारो एकरांवरचे उभे पीक उपटून जाळावे असा केंद्रीय समितीचा आदेश निघाला. शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना तेव्हा गुजरातच्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. प्रत्यक्षात बहुतेक कापूस वेचला गेला, विकला गेला, आणि काही महिन्यांतच, २६ मार्च २००२ रोजी, महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन बीटी संकरित वाणांना देशात अधिकृत परवानगी मिळाली. महिको ही जालन्याची कंपनी. तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. तंत्रज्ञान अमेरिकेतील मोन्सँटोचे असले तरी भारतातील या कथेचा एक पाय पहिल्यापासून मराठवाड्यात रोवलेला आहे.

परवानगीची प्रक्रिया त्याआधी काही वर्षे चालू होती, त्यामुळे गुजरातच्या चोरट्या पेरणीमुळेच ती मिळाली असे म्हणता येणार नाही. परंतु आधी शेतात पेरा, मग दिल्ली हलते, हा धडा शेतकरी चळवळीने त्यातून घेतला. अकोली जहांगीरची पेरणी म्हणजे त्या धड्याची उजळणी होती.

पहिली दहा-बारा वर्षे बीटीच्या समर्थकांना बोलण्यासारखे बरेच होते. २०००-०१ मध्ये देशाची सरासरी उत्पादकता हेक्टरी २७८ किलो रुई होती. २०१३-१४ मध्ये ती ५६६ किलोवर पोहोचली. या वाढीत गुजरातमधील सिंचनाचा, नव्या कीटकनाशकांचा आणि वाढत्या खतांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि महाराष्ट्रातील बहुतांश कोरडवाहू कपाशी या सरासरीच्या कायमच बरीच खाली राहिली. तरीही हिरव्या बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या एकदम घटल्या, हे त्या काळात कपाशी पिकवलेला कोणीही सांगेल. बियाण्याच्या किमतीवरूनही झगडा झाला. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटासाठी सोळाशे रुपयांच्या वर मोजावे लागत. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर २००६ मध्ये ती किंमत ७५० रुपयांवर आली. त्याच वर्षी क्राय१एसीच्या जोडीला क्राय२एबी हे दुसरे जनुक असलेली दुसऱ्या पिढीची बीटी बाजारात आली.

नंतर गुलाबी बोंडअळी परतली. पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देत नाही हे गुजरातच्या काही जिल्ह्यांबाबत २०१० मध्ये खुद्द मोन्सँटोने मान्य केले, आणि दशकाच्या मध्यापर्यंत दुसरी पिढीही तिच्यापुढे निष्प्रभ ठरू लागली. येथे एक तुलना आवश्यक आहे. अमेरिकेने त्याच बीटीच्या साहाय्याने, सोबत अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून बिगरबीटीच्या ओळी आणि वंध्य पतंग सोडण्याचा कार्यक्रम राबवून, २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे आपल्या कापूस पट्ट्यातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. अळी एकच आणि जनुकही एकच असताना निकाल उलटे लागले, कारण वापरण्याची रीत वेगळी होती. आपल्याकडे पाकिटासोबत मिळणारी १२० ग्रॅमची बिगरबीटी सरकी बांधाला लावायची असते हे बहुतेकांना पटलेच नाही. सहा-सात महिने चालणारे संकरित वाण आणि त्यावर पाणी असेल तर मार्चपर्यंत ठेवलेली फरदड (वेचणीनंतर पुन्हा बोंडांसाठी राखलेले तेच पीक), यांमुळे अळीला वर्षभर खुराक मिळत राहिला. शिवाय शेकडो वाणांची बोंडे वेगवेगळ्या वेळी लागत असल्याने तिला उपवास असा घडलाच नाही. म्हणून बीटी फसली असे म्हणण्याऐवजी ती कशी वापरली हे पाहावे लागते. मात्र ज्या शेतकऱ्याच्या शेतात अळीने ग्रासलेल्या, न उमलणाऱ्या डोमकळ्या दिसतात त्याला या भेदाचा फारसा उपयोग नसतो.

तणाचा हिशेब

एचटीबीटी म्हणजे दुसऱ्या पिढीच्या बीटीत आणखी एक गुणधर्म घातलेले बियाणे. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतील ईपीएसपीएस नावाच्या विकराला बंद पाडते, त्यामुळे तिला काही अत्यावश्यक अमिनो आम्ले तयार करता येत नाहीत आणि ती वाळते. हे तणनाशक हिरव्या पानांतून आत शिरते. कपाशी आणि तण असा भेद ते जाणत नाही. मातीतील एका जिवाणूचे, ग्लायफोसेटला न जुमानणारे विकर तयार करणारे जनुक कपाशीत घातले की तण मरते आणि कपाशी उभी राहते. महिकोने या गुणधर्माच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि परवानगीसाठी अर्जही केला होता. परंतु बियाण्यातील तंत्रज्ञानाचे शुल्क आणि परवाने यांवरून सरकार व कंपनी यांच्यात वाद पेटला असताना, २०१६ मध्ये हा अर्ज मागे घेण्यात आला. यानंतर अधिकृत वाट बंद झाली आणि चोरवाट रुंदावली.

या बियाण्याला एवढी मागणी का, हे कपाशीच्या शेतात जुलै-ऑगस्टमध्ये उभे राहिल्याशिवाय कळत नाही. काळी जमीन पावसाने भिजून राहिली की आठ-आठ दिवस डवरे चालत नाही. तेवढ्या अवकाशात केना, लव्हाळा, कुंदा आणि गाजरगवत पिकाच्या वर जाते. मग एकाच आठवड्यात साऱ्या गावाला निंदणासाठी बाया हव्या असतात, मजुरी चढते आणि तरीही हाती माणूस लागत नाही. कपाशीसाठी शिफारस केलेली तणनाशके आहेत. पेरणीनंतर लगेच मारायचे पेंडीमिथॅलिन, उगवून आलेल्या गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप इथाइल आणि रुंद पानांच्या तणांसाठी पायरिथायोबॅक सोडियम. परंतु शेवटची दोन औषधे तण कोवळे असतानाच चालतात, आणि नेमक्या त्या दिवसांत पाऊस उसंत देत नाही. ग्लायफोसेटचे तसे नाही. उघडीप मिळाली की वाढलेल्या तणावरही ते चालते. शेतकरी चोरबीटीकडे वळला तो या हिशेबाने, कोणा कंपनीच्या जाहिरातीला भुलून नव्हे. बेकायदा बियाण्याला जाहिरात नसतेच.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि सत्याग्रहाच्या व्यासपीठावरून ती फारशी मांडली जात नाही. वऱ्हाडात कपाशी बहुधा एकटी नसते. सहा-आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. कपाशी बुडाली तर वर्षभराची डाळ आणि थोडा पैसा देणारी ती ओळ म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचा घरचा विमा होय. ग्लायफोसेट तुरीलाही मारते. तेव्हा सरसकट फवारणी करायची तर तूर काढावी लागते, आणि तूर ठेवायची तर तणनाशकाचा निम्मा लाभ सोडावा लागतो. बांधापलीकडच्या शेजाऱ्याची साधी बीटी असेल तर वाऱ्यावर उडालेल्या फवाऱ्याने तिची पाने करपतात आणि मग भांडण ठाण्यापर्यंत जाते. निंदणाला जाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक भूमिहीन घरांतल्या असतात. पावसाळ्यातील ती मजुरी त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग असते आणि येताना ओट्यात तांदुळजा, चिवळ, घोळ अशी भाजी असते. शेतमालकाच्या दृष्टीने जो मजुरांचा तुटवडा आहे तोच मजुराच्या दृष्टीने दर वाढवून मागण्याचा वर्षातील एकमेव आठवडा असतो. यातून एचटीबीटी नको असा निष्कर्ष आपोआप निघत नाही, पण ‘शेतकऱ्याचा फायदा’ म्हणताना कोणत्या शेतकऱ्याचा आणि कोणाच्या पदरचा, हे विचारणे भाग पडते.

तणांचेही तसेच. एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की त्याला न जुमानणारे तण उरते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कापसात २००५ च्या सुमारास ग्लायफोसेटला दाद न देणारा जंगली राजगिरा आढळला आणि पुढे तेथील शेतकऱ्यांना पुन्हा हाताने तण उपटण्याची वेळ आली. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत आपण जी शिस्त पाळली नाही ती तणनाशकाच्या बाबतीत पाळू, असे मानण्यास आधार दिसत नाही.

ग्लायफोसेटच्या सुरक्षिततेचा वाद जगभर चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ अशा गटात टाकले. अमेरिकेच्या व युरोपच्या नियामक यंत्रणांचे मत तसे नाही. तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. या प्रकरणाला लागू पडणारी बाब अधिक साधी आहे : भारतात ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यासाठीच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकांमार्फतच करता येईल असे बंधनही घातले. म्हणजे चोरबीटी लावणाऱ्या शेतकऱ्याकडे बियाण्याचा कागद नाही, आणि त्यावर मारायच्या औषधाच्या डब्यावर कपाशीचे नावही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा मिश्रण किती, पंप कोणता, तोंडाला फडके होते की नाही याची चर्चा महिनाभर झाली. ज्या वापराची शिफारसच अस्तित्वात नाही त्याबद्दल कृषी सहायकाने शेतकऱ्याला काय सांगायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

पावती

या साऱ्या प्रकरणाचा गाभा, माझ्या मते, एका कागदात आहे, आणि तो समजण्यासाठी अकोटच्या पेरणीच्या दीड वर्ष मागे जावे लागेल.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशी मोठ्या प्रमाणावर खाल्ली. महाराष्ट्राचा स्वतःचा कापूस बियाणे कायदा २००९ पासून लागू आहे आणि त्याखालील नियमांत निकृष्ट बियाण्याची तक्रार करण्याची ठरलेली पद्धत आहे. शेतकऱ्याने ‘जी’ नमुन्यात तक्रार द्यायची, अधिकाऱ्यांनी शेताची पाहणी करून पुढील नमुन्यात नोंद करायची आणि त्यावरून कंपनीची जबाबदारी ठरायची. त्या हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील प्रत्येक कृषी कार्यालयापुढे जी फॉर्म भरणाऱ्यांच्या रांगा होत्या. डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी कोरडवाहू कपाशीसाठी हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायतीसाठी ३७,५०० रुपये अशी मदत जाहीर केली. या रकमेची फोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोरडवाहूपैकी ६,८०० रुपये आपत्ती निधीतून, ८,००० रुपये पीक विम्यातून आणि १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून मिळायचे होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक रक्कम कंपन्यांकडून यायची होती. कंपन्यांनी त्यास विरोध केला आणि वाद न्यायालयात गेला. त्यांचा युक्तिवाद असा की अळीने प्रतिकारशक्ती कमावली हा बियाण्याचा दोष नव्हे. शेतकऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात काय पडले ही कथा वेगळी आणि फारशी सुखाची नाही.

तरीही तक्रार करता येत होती. त्यासाठी लागत होती पावती, रिकामे पाकीट आणि त्यावरची लेबले. जपून ठेवा म्हणून सांगितलेली पाकिटे अनेकांनी टाकून दिली होती, पण ज्यांच्याकडे ती होती त्यांना निदान दावा उभा करता आला.

आता चोरबीटीचा व्यवहार पाहावा. बियाणे गुजरात किंवा तेलंगणाकडून येते. ते कृषी केंद्राच्या फळीवर नसते. ओळखीच्या माणसाकडून, रात्री, रोखीने मिळते. पाकिटावर कधी अस्तित्वात नसलेल्या कंपनीचे नाव असते, कधी काहीच नसते. आतील सरकीत तणनाशक सहन करणारा गुणधर्म खरोखर आहे की नाही हे शेतकऱ्याला फवारणी केल्यानंतर कळते, आणि तोवर नसलाच तर तणाबरोबर कपाशीही गेलेली असते. उगवण झाली नाही, भेसळ निघाली, बोंडे लागली नाहीत, तर जी फॉर्म भरण्याची सोय नाही, कारण तक्रार करणे म्हणजे आपणच गुन्हा केल्याची कबुली देणे. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. ग्राहकाला फसवल्यावर तो पोलिसात जाऊ शकत नाही, याहून सोयीचा बाजार कोणता?

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. अधिकृत बीटी बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार २०१६ पासून दरवर्षी ठरवते. त्या वर्षी दुसऱ्या पिढीच्या पाकिटाची किंमत ८०० रुपये होती आणि त्यात जनुकाच्या मालक कंपनीला द्यायचे तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये होते. २०१८ मध्ये किंमत ७४० आणि शुल्क ३९, २०१९ मध्ये किंमत ७३० आणि शुल्क २० रुपये झाले. २०२० मध्ये शुल्क शून्यावर आले. शेतकऱ्याला स्वस्त बियाणे मिळावे हा हेतू उघड आहे. परंतु त्याच वर्षांत तोच शेतकरी चोरबीटीसाठी नियंत्रित किमतीहून अधिक पैसे, विनापावती, आपणहून मोजत होता. शासनाने ज्या बियाण्याची किंमत पाडली त्यात नवे काही येत नव्हते, आणि ज्यात नवे होते ते शासनाच्या हिशेबातच नव्हते. यावरून तंत्रज्ञान शुल्क असावे की नसावे याचा निवाडा होत नाही. किंमत हीच शेतकऱ्याची एकमेव चिंता आहे ही समजूत मात्र यातून खोटी ठरते.

दोन बाजूंचे म्हणणे

संघटनेची भूमिका ‘तंत्रज्ञान स्वातंत्र्य’ या शब्दांत मांडली जाते. शरद जोशी यांच्या काळापासून बाजाराचे स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य या दोन मागण्या जोडीने चालत आल्या आहेत. जगभरचा शेतकरी जे बियाणे वापरतो ते भारतातील शेतकऱ्याला का नाकारायचे, हा तिचा मुख्य प्रश्न असून बांगलादेशाचे उदाहरण त्यात हमखास येते. महिकोच्याच तंत्रज्ञानाच्या बीटी वांग्याला भारतीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली. नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास स्थगिती दिली. तेच वांगे बांगलादेशने २०१३ मध्ये मंजूर केले आणि पुढच्याच वर्षी ते तेथील शेतकऱ्यांच्या हाती गेले. स्थगिती देताना अधिक चाचण्या व्हाव्यात असे म्हटले होते. त्या कोणी, किती काळात करायच्या हे ठरलेच नाही, आणि स्थगितीचा काळ दहा वर्षांवर गेला. या मुद्द्यावर संघटनेचा राग समजण्याजोगा आहे.

पण स्वातंत्र्याच्या या मांडणीत एक दुवा निसटतो. बाजारातील स्वातंत्र्य म्हणजे निवडीचा हक्क, आणि निवड चुकली तर दाद मागण्याचाही हक्क. चोरबीटीत पहिला मिळतो, दुसरा संपूर्ण जातो. संघटनेला हे कळत नाही असे नव्हे. परवानगी मिळाली की बियाणे उजेडात येईल आणि पावतीही मिळेल, असे तिचे उत्तर आहे. मात्र २००२ नंतर परवानगी असलेल्या बीटीच्या बाबतीतही बिगरबीटीच्या ओळी, वाणांची गर्दी आणि फरदड यांवर ना शासनाने लक्ष ठेवले, ना संघटनांनी शेतकऱ्यांत त्यासाठी आग्रह धरला. तंत्रज्ञान मागताना ते टिकवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला व्यासपीठावरून क्वचितच जागा मिळते.

विरोधकांची बाजू एकसुरी नाही. जीएममुक्त भारतासाठी काम करणाऱ्या संघटनांनी अकोटच्या पेरणीनंतर कडक कारवाईची मागणी केली. जनुकीय पिकांच्या मुक्त लागवडीविरुद्धची जनहित याचिका २००५ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि स्वदेशी जागरण मंच व भारतीय किसान संघ यांचाही विरोध जुना आहे. डावीकडचे आणि उजवीकडचे एका रांगेत बसलेले असे दृश्य आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळच. तणनाशक-सहनशील पिके छोट्या शेतीला, मिश्र पिकांना आणि मजुरीवर जगणाऱ्यांना मानवत नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद वर सांगितलेल्या तुरीच्या ओळीपाशी मला पटतो. परंतु सावधगिरीच्या नावाने परवानगी रोखून धरायची आणि दरम्यान तेच बियाणे कोणत्याही चाचणीशिवाय, लेबलाशिवाय लाखो एकरांत पसरू द्यायचे, याला सावधगिरी म्हणता येत नाही. मान्यताप्राप्त बियाण्याच्या बाबतीत निदान कंपनीकडे माहिती मागता येते. चोरबीटीमुळे तणांत काय बदल होत आहे, मधमाश्यांवर काय परिणाम होतो, सरकीच्या पेंडीत काय उतरते, हे तपासायला नमुना देणाराही कोणी नाही.

सार्वजनिक संशोधनाने ही कोंडी फोडली असती का, असा प्रश्न अकोल्यात विशेष टोचतो, कारण डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि राज्याचे बियाणे महामंडळ महाबीज या दोहोंचे मुख्यालय त्याच शहरात आहे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात. जगातील बहुतेक देश कपाशीचे सरळ वाण लावतात. त्यांची सरकी शेतकरी राखून ठेवू शकतो, झाडे बुटकी व दाट असतात आणि पीक लवकर निघते. १९७० मध्ये गुजरातेत पहिला संकरित वाण आल्यापासून भारत मात्र संकरित वाणांच्या वाटेने गेला, आणि बीटी त्यातच बांधली गेली. नागपूरच्या संस्थेने पुढाकार घेतलेला बिकानेरी नरमा बीटी हा सरळ वाण २००८-०९ च्या सुमारास शेतकऱ्यांना मिळालाही, पण त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश असल्याचे आढळल्याने तो मागे घ्यावा लागला. शेतकऱ्याला स्वतःची सरकी पेरता येईल असा बीटी वाण देण्याचा तो सर्वांत ठळक सरकारी प्रयत्न असा संपला. त्यानंतर कृषी विद्यापीठे काय करतात, असे शेतकऱ्यांनी विचारले तर त्यात उद्धटपणा नाही.

पेरणीनंतर

अकोली जहांगीरच्या पेरणीने कायदा बदलला नाही. २०२० च्या खरिपात संघटनेने पुन्हा जाहीर लागवडीची हाक दिली. २०२१ मध्ये बियाणे उद्योगाच्या संघटनेने असा दावा केला की अवैध पाकिटांची विक्री एका वर्षात ३० लाखांवरून ७५ लाखांवर गेली आहे. हा दावा ज्यांचा धंदा बुडतो त्यांनीच केलेला आहे हे ध्यानात घेऊन तो वाचावा. पण वाढीची दिशा नाकारणारा कोणी भेटलेला नाही. कृषी विभागाची भरारी पथके दर मे-जूनमध्ये सीमेवरील तालुक्यांत छापे घालतात, काही क्विंटल सरकी पकडतात, छायाचित्रे छापून येतात. शेतात उगवलेले पीक मात्र कोणी उपटत नाही. उभी कपाशी उपटण्याचा आदेश अमलात आणणारा अधिकारी आणि तो पाळणारे गाव या दोन्ही गोष्टी २००१ मध्ये मिळाल्या नाहीत आणि आताही मिळणार नाहीत.

दरम्यान दिल्लीत इतर पिकांची वाट थोडी हलली. जनुकीय मोहरीच्या डीएमएच-११ या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी मिळाली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने २३ जुलै २०२४ रोजी भिन्न निकाल दिले, पण जनुकीय पिकांबाबत राष्ट्रीय धोरण आखावे यावर दोन्ही न्यायमूर्तींचे एकमत होते. बाहेरचे जनुक न घालता पिकाच्याच जनुकांत दुरुस्ती करणाऱ्या जनुक-संपादनाच्या दोन प्रकारांना मार्च २०२२ मध्ये जैवसुरक्षेच्या कडक नियमांतून सूट मिळाली, आणि त्या पद्धतीचे भाताचे दोन वाण मे २०२५ मध्ये जाहीर झाले. एचटीबीटीला हे दुसरे दार उपयोगी नाही, कारण त्यातील जनुक जिवाणूचे आहे.

ज्या कलमाला अकोटच्या शेतकऱ्यांनी आव्हान दिले होते ते मात्र दुसऱ्याच कारणाने बदलले. व्यवसाय सुलभतेसाठी केलेल्या २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण अधिनियमाच्या कलम १५ मधील तुरुंगवास काढून टाकला आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी १०,००० रुपये ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. म्हणजे आता जाहीर पेरणी केली तर शेतकऱ्याने तुरुंगात जाण्याची तयारी दाखवण्याचा प्रश्न उरला नाही. पण दंडाची कमाल रक्कम पंधरापट झाली. एवढा दंड कोरडवाहू शेतकरी भरू शकत नाही आणि सीमेपलीकडून सरकी पाठवणारा भरू शकतो. तो सापडला तर, कारण त्याचे नाव ज्या कागदावर असायला हवे तो कागद फाडलाच गेलेला नाही.